नाणेघाटातील पोढी

पावसाळा ओसरू लागला, की इयत्ता नववीच्या मुला-मुलींना घेऊन आम्ही एखाद्या ऐतिहासिक स्थळी जातो. माजी विद्यार्थ्यांना या सहली आठवत असतीलच. एका वर्षी आम्ही नाणेघाट निवडला. जुन्नरच्या बाजूने गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. तरीही मुरबाडकडील वैशाखऱ्याहून पायी चढण्याचा हट्ट आमचाच. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेने जुन्नर-पैठणकडे गेला, ती वाट पायांना कळल्यावाचून इतिहास कळत नाही, असे आम्ही वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो.

पायांना ती फार लवकर कळली. झाडीतला पहिला टप्पा हसतखेळत गेला. पुढे शेवाळलेल्या दगडांची उभी चढण लागली. दोन्ही कडांना गुलाबी तेरडा दाटला होता. मागे वळले, की खाली कोकणातील भाताची खाचरे आणि त्यांमधून वळणे घेत जाणारे चकचकीत जलप्रवाह दिसत. मुले थांबून थांबून पाहत होती; आम्ही मात्र दम घेण्यासाठी थांबत होतो. पाऊस नव्हता, उकाडा विलक्षण होता. प्रत्येकी एक बाटली पुरेल हा आमचा हिशेब साफ चुकला. शेवटच्या चढणीवर पाणी संपले आणि एक मुलगा पांढराफटक होऊन खालीच बसला.

त्याला दोघांनी धरून लेण्याजवळच्या टाक्यापर्यंत आणले. कातळात खोदलेले टाके पावसाच्या पाण्याने भरलेले होते. मुलींनी रुमाल भिजवून त्याच्या डोक्यावर ठेवले, ओंजळीने पाणी पाजले, मग सगळीच प्यायली. आम्ही तसेच उभे राहिलो. पाणी उकळलेले नाही, ही सबब आम्ही मनाला दिली. खरे कारण वेगळे होते. आमचे वडील लहानपणी गावच्या विहिरीपासून अंतर राखून घागर घेऊन बसत. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर घागर रिकामीच. महाडचा 20 मार्च 1927 हा दिवस आम्ही इतकी वर्षे शिकवत आलो, तरी अनोळखी पाणवठ्यावर पाऊल क्षणभर अडते. ‘सर, तुम्हीपण घ्या ना,’ असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा कुठे आम्ही वाकलो.

लेण्यातील राणी नागनिकेचा शिलालेख प्रसिद्ध आहे. यज्ञ, दक्षिणा, गाई, घोडे, कार्षापण यांची मोजदाद भिंती भरून आहे. राजपरिवाराच्या मूर्ती मात्र झिजून गेल्या. वरची नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो याच घाटातील एका टाक्यावरचा लहानसा लेख. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी, एवढाच त्याचा आशय. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दानासाठी त्यात ‘देयधम’ हा शब्द आहे, जो आपल्या लेण्यांतील दानलेखांत पावलोपावली भेटतो. सोपारा म्हणजे अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष जेथे मिळाले ते गाव. हे पाणी सर्वांस खुले होते काय, असे एका विद्यार्थ्याने विचारले. ‘होय’ म्हणण्याचा मोह फार झाला. परंतु लेखात तसे लिहिलेले नाही. कोणास मनाई होती, असेही लिहिलेले नाही. आम्ही तेवढेच सांगितले.

माथ्यावर आलो आणि मुले धावत सुटली. सारे पठार सोनकीने पिवळे झाले होते; ओलसर कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. फुले तुडवू नका, असे ओरडून आमचा घसा बसला. कड्याच्या टोकाशी त्यांना पाणलोट दाखवला. येथे पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्राला मिळतो; पूर्वेचा थेंब कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला जातो. फरक काही पावलांचा. आजारी पडलेला मुलगा लगेच दोन्हीकडे पाय टाकून उभा राहिला. म्हणजे प्रकृती सुधारली होती. उतरताना गाडीतून माणिकडोहचे पाणी दिसू लागले तोवर निम्मी मुले झोपली होती.

रात्री वडिलांना फोनवर सारे सांगितले. शिलालेखाचे त्यांनी ऐकून घेतले, गोविंददासाचे नाव दोनदा विचारले. मग म्हणाले, ‘पाणी गोड होतं का रे?’

गोड होते, असे आम्ही सांगितले.