बाडासोबतचं पान

मंगळवारी साडेचारला आमची बैठक असते. बैठक हा शब्द जरा मोठाच झाला. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून काढलेली वाट, तीन खुर्च्या आणि चहा. प्रकाशक, विक्री बघणारे गृहस्थ आणि मी. माझ्या पुढ्यात त्या पंधरवड्यात वाचलेली बाडं. प्रकाशक चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "बोला, काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यावर माझं बावीस वर्षं पोट चाललं आहे.

लेखकांची अशी समजूत असते की प्रकाशक बाड वाचतो आणि हो किंवा नाही ठरवतो. आमच्याकडे बाड मी वाचते. ठरतं ते या खोलीत, आणि लेखक तेव्हा नांदेडला किंवा न्यू जर्सीत आपापल्या कामात असतो. त्याच्या वतीने बोलायचं मला. समोर विक्रीवाले गृहस्थ, ज्यांनी बाडाचं एकही पान उलटलेलं नाही. त्यांना दोष देत नाही. उद्या तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तकं घेऊन त्यांनाच जायचं असतं, आणि तिथला ग्रंथपालही पहिल्यांदा हेच विचारणार असतो, काय आहे? म्हणजे लेखकाने मला जे सांगितलं, ते मी यांना, यांनी ग्रंथपालाला, ग्रंथपालाने वाचकाला. पहिल्याच माणसाला नीट सांगता आलं नाही तर पुढची साखळी तुटलीच.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीची वर्षं होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका शाखा अभियंत्यांचं बाड आलं. ए-फोर आकाराची ४६० पानं, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. सोबत तीन पानी पत्र. त्यात जन्मगाव, शिक्षण, बदल्या, मिळालेली प्रशस्तिपत्रं, नातवंडं, आणि एका माजी आमदारांची प्रस्तावना 'आधीच घेऊन ठेवली आहे' ही खूशखबर. पुस्तक कशाबद्दल आहे, हे तीन पानांत कुठेही नव्हतं.

मी ते सगळं वाचलं. पहिली शंभर पानं बालपणाची, ती कुणाचीही असू शकली असती. पण मधली दीडशे पानं वाचताना मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला विसरले होते. रात्री अडीचला टॉर्च घेऊन चारीवर निघालेला पाटकरी, वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी दगड आणि गोणपाटं टाकून अडवलेलं पाणी, आणि टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, कोरड्या चारीत बसून भाकरी खाणारी एक बाई. आपली पाळी येईल म्हणून ती दोन दिवस तिथेच बसून होती.

मंगळवारी प्रकाशकांनी विचारलं, काय आहे? मी म्हणाले, "आत्मकथन आहे. अनुभव चांगले आहेत. भाषा साधी आहे."

आमच्या धंद्यात याला बाडाच्या मृत्यूचा दाखला म्हणतात. पाचव्या मिनिटाला बाड परतीच्या गठ्ठ्यात गेलं. दोन-अडीच वर्षांनी तेच पुस्तक दुसऱ्या एका प्रकाशनाने काढलेलं मी दुकानात पाहिलं. पानं २१०. मलपृष्ठावर लिहिलं होतं की धरणातून सुटलेलं पाणी टेलपर्यंत का पोहोचत नाही, हे तीस वर्षं चारीवर उभं राहून पाहिलेल्या माणसाची ही हकिगत आहे. हे वाक्य मला त्या मंगळवारी सुचायला हवं होतं. पुढे एका ग्रंथप्रदर्शनात ते गृहस्थ भेटले. मी कबुली दिली. ते हसून म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही हो. दुसऱ्यांदा पाठवायच्या वेळी सुनेनं विचारलं, बाबा, पुस्तक कशाबद्दल आहे? त्याचं उत्तर द्यायला मला अडीच महिने लागले." उत्तर सापडल्यावर बालपण, बदल्या आणि माजी आमदार आपोआप गळाले.

म्हणून मला कुणी विचारलं की बाड पाठवण्यापूर्वी काय तयारी करू, तर मी आधी शुद्धलेखनाचं सांगत नाही. एक पान लिहा म्हणते. वरच्या चार ओळींत पुस्तक कशाबद्दल आहे. त्याखाली, ते तुम्हीच का लिहिलंत. मग शब्दसंख्या, आणि बाड पूर्ण आहे की नाही. माहितीपर पुस्तक असेल तर प्रकरणांचा आराखडा आणि दोन पूर्ण प्रकरणं एवढ्यावरही आमचं बोलणं सुरू होतं. कादंबरी मात्र पूर्ण झालेलीच हवी. अर्धी कादंबरी सगळ्यांचीच चांगली असते.

त्या पानावर काय नको, याची माझ्याकडे मोठी साठवण आहे. 'मित्रमंडळींच्या आग्रहाखातर' नको. 'सर्व वयोगटांतील वाचकांना आवडेल' तर नकोच. ते वाक्य वाचलं की विक्रीवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागतात. आपली कादंबरी 'कोसला'च्या किंवा 'मृत्युंजय'च्या तोडीची आहे असंही लिहू नये. एक १९६३चं पुस्तक, दुसरं १९६७चं, आणि दोन्ही अजून खपताहेत; त्यांच्या शेजारी उभं राहून आपली उंची कमीच दिसते. त्यापेक्षा ज्याच्याकडे बाड पाठवताय त्याची पुस्तकसूची मागवा, गेल्या पाच-सहा वर्षांतली दोन पुस्तकं वाचा, आणि तुमचं पुस्तक त्यांच्या शेजारी का शोभेल ते लिहा. हे कष्ट फार थोडे लेखक घेतात. फक्त पाकशास्त्राची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाकडे गझला येतात, त्या याच कारणाने.

आता थोडं अक्षरांविषयी. मराठी बाडाचं एक खास दुखणं आहे, ते फॉन्टचं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे उघडली की रोमन अक्षरं आणि स्वल्पविरामांचा सडा पडतो. मग कुणीतरी ती युनिकोडमध्ये बदलून पाठवतो, आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. एका शिवकालीन कादंबरीत या बदलाबदलीत 'दऱ्या'चं सगळीकडे 'दर्या' झालं होतं. तीन प्रकरणं मावळे सह्याद्रीतल्या दर्यांमधून घोडे फेकत होते. लेखकाने छापील प्रत एकदा डोळ्यांखालून घातली असती तर समुद्र तिथेच आटला असता. बाड युनिकोडमध्ये असावं, सोबत पीडीएफ असावी, आणि कागदावर काढून मोठ्याने वाचलेलं असावं. एवढं केलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमचे मुद्रितशोधक बघतात. त्यांचं पोट त्यावर आहे.

शब्दसंख्या का मागतो, तेही सांगते. डेमी आकारात एका पानावर साधारण ३०० शब्द बसतात. ९०,००० शब्दांची कादंबरी म्हणजे ३०० पानं, १६ पानांचा एक फॉर्म धरला तर १९ फॉर्म. कागद, छपाई, बांधणी, किंमत सगळं त्यावरून निघतं. मात्र हा हिशेब आमच्या खोलीत फार उशिरा येतो. जे बाड परत जायचं असतं त्याची पानं कुणी मोजत नाही.

एजंटांविषयी हल्ली फार विचारणा होते, विशेषतः परदेशातल्या मराठी लेखकांकडून. मराठीत ही जात जवळजवळ नाही. पुस्तकाच्या किमतीवर लेखकाला मिळणारं मानधनच इतकं बेताचं की त्यातल्या टक्क्यांवर तिसऱ्याचं घर चालणार नाही. आपल्याकडे ते काम मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी केलं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कितीतरी लेखकांची प्रकाशकाशी पहिली ओळख अशा अंकांतूनच झाली. 'सत्यकथा'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. ती तिथे छापून आली की संग्रहाच्या वाटेतलं अर्धं काम झालेलं असे. १९८२मध्ये 'सत्यकथा' बंद पडलं आणि तो दरवाजा मिटला. तरी अजूनही, अंकात छापून आलेलं एखादं प्रकरण बाडाला जोडलं असेल तर माझं काम हलकं होतं.

इंग्रजीत गोष्ट वेगळी. तिथे मोठे प्रकाशक बहुधा एजंटामार्फतच बाड बघतात. आपल्या देशातही जयपूरच्या 'सियाही'सारख्या संस्था आहेत. रूढ दर म्हणजे लेखकाच्या मिळकतीतले १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २०. ते पैसे लेखकाला मिळाले तरच एजंटाला मिळतात. 'वाचनशुल्क' आधी मागणारा एजंट नसतो, तो दुसराच कुणी असतो.

आणि एजंट म्हणजे तरी काय, लेखकाच्या मागे त्याच्यासाठी बोलणारा माणूस. आर. के. नारायण यांच्या पहिल्या कादंबरीला लंडनच्या प्रकाशकांनी नकार दिले होते. ऑक्सफर्डला असलेल्या पूर्णा नावाच्या मित्राने ती ग्रॅहम ग्रीनच्या हातात ठेवली. ग्रीनने ती वाचली, प्रकाशक गाठला आणि १९३५मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' निघाली. हे नावही ग्रीनने सुचवलेलं, आणि लेखकाचं लांबलचक नाव कापून आर. के. नारायण केलं तेही त्यानेच. वकील मिळाला की तो असा हातही लावतो, ते सोसावं लागतं.

होकार फार लवकर आला तर मात्र सावध व्हा. लातूरकडच्या एका शिक्षिकेला दोन दिवसांत होकार आला, पाठोपाठ ४५,००० रुपयांचं 'सहभाग शुल्क'. आज तिच्या दिवाणाखाली त्या कवितासंग्रहाच्या चारशे प्रती आहेत. तिच्याकडून आयएसबीएनचे म्हणून वेगळे पैसेही घेतले होते, जो आपल्याकडे सरकारी संस्थेतून विनामूल्य मिळतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. ते प्रकाशकाने निवडलं म्हणून सांगणं ही फसवणूक. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहावी, असं मी तिला फार उशिरा सांगितलं.

करारावर सही करताना 'सर्व हक्क' या शब्दांपाशी थांबा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम मराठी लेखक वाचत नाहीत, आणि ते त्यांच्याच बाजूचं आहे. हक्क लेखी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांची वेगवेगळी ओळ हवी. वेगळी ओळ मागितली म्हणून मी आजवर एकही करार मोडलेला पाहिला नाही.

मागच्या मंगळवारी चिपळूणचं एक बाड होतं. लिहिणाऱ्या बाईंचं औषधांचं दुकान. सोबत एकच पान, त्यावर वर चार ओळी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. त्या पाण्यावर पुष्कळांनी लिहिलं. माझं पुस्तक त्यानंतरच्या अकरा महिन्यांचं आहे, विम्याच्या कागदांचं. चिखलात गेलेल्या पावत्यांची किंमत सिद्ध करायला मी काय काय केलं, त्याचं.

प्रकाशकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी काही बोलले नाही. त्या चार ओळीच वाचून दाखवल्या. विक्रीवाले गृहस्थ खिडकीकडून वळले, हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पानं किती आहेत?"