वहीवरील माशी

शिक्षकाच्या हातून घडलेली चूक शिक्षकानेंच वार्षिक अंकांत सांगावी असा प्रघात नाहीं. तथापि ज्या चुकीमुळें मला एका मोठ्या विषयाची ओळख झाली, ती लपवून तो विषय तेवढा सांगणें मला प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून आरंभींच ती सांगून टाकतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी आठवीच्या वर्गांत निबंधाच्या वह्या तपाशीत होतों. पावसाळ्याचे दिवस, खोलींत माशा पुष्कळ. एका वहीच्या समासांत एक माशी बसली होती. मीं लेखणीच्या टोंकानें तिला हांकललें, ती हलेना. हातानें झटकलें, तरी ती जागच्या जागींच. तिसऱ्या खेपेस वही उचलून मेजावर आपटली, तेव्हां पुढच्या बांकांवरून हंशा उठला, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, माशी शाईनें काढलेली आहे. फिकट शाईनें पंखांतील शिरा दाखविल्या होत्या, आणि पायांखालीं शिसपेनीची बारीकशी सांवली दिली होती. त्या सांवलीनेंच मला फसविलें.

मला राग आला. खरें म्हणजे वर्ग हंसला याचाच राग आला. परंतु त्या रागाला मीं शिस्तीचें नांव दिलें. मुलाला उभें केलें, "ही लबाडी आहे" असें सर्वांसमक्ष म्हटलें, तें पान त्याच्याच हातानें फाडावयास लाविलें, आणि उद्यां वडिलांना घेऊन येण्यास बजाविलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. माशीच्या अंगावरून चीर जाणार नाहीं अशा बेतानें मात्र त्यानें तें पान फाडलें. हें मीं पाहिलें, आणि न पाहिल्यासारखें केलें.

दुसऱ्या दिवशीं वडील आले. धंद्यानें रंगारी, अंगरख्यावर रंगाचे शिंतोडे, टोपी हातांत. "गुरुजी, पोरानं कुणाचं कांहीं घेतलं का?" त्यांनीं विचारलें. मीं घडलेली हकीकत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "गुरुजी, मी बी तेंच करतों. हलक्या लांकडाचीं दारं असतात, त्यांवर सागाच्या रेघा काढतों. मालकाला तें ठाऊक असतं, म्हणून ती कारागिरी. साग म्हणून त्याला इकलं असतं, तर ती लबाडी. पोराला शिक्षा करायची तर करा, पण लबाड म्हणूं नका."

याला मजजवळ उत्तर नव्हतें. मीं कांहींतरी गुळमुळीत बोलून त्यांना निरोप दिला. पण त्यांचें वाक्य मनांतून जाईना. त्याच आठवड्यांत आमच्या चित्रकला-शिक्षकांनीं मला एक जुनी कथा ऐकविली. जोत्तो नांवाचा विख्यात इटालियन चित्रकार लहानपणीं चिमाबुए या गुरूच्या हाताखालीं शिकत असतां, गुरूनें रंगविलेल्या एका मुखाच्या नाकावर त्यानें माशी काढून ठेविली. गुरु परत आल्यावर ती खरीच समजून हातानें वारूं लागला. ही गोष्ट वासारी या चरित्रकारानें सोळाव्या शतकांत लिहून ठेविली आहे. ती अक्षरशः घडली असेल असें नाहीं. परंतु वासारीनें ती जोत्तोच्या कौतुकासाठीं सांगितली, आणि मीं मात्र माझ्या जोत्तोला वर्गांत उभें केलें होतें! लाज वाटून मीं या विद्येचा इतिहास वाचूं लागलों.

ही विद्या फार प्राचीन आहे. प्लिनी या रोमन ग्रंथकारानें झ्यूक्सिस व पऱ्हासियस या दोन ग्रीक चित्रकारांची स्पर्धा वर्णिली आहे. पहिल्यानें द्राक्षें अशीं रंगविलीं कीं, पांखरें त्यांवर चोंच मारूं लागलीं. विजयाच्या भरांत त्यानें प्रतिस्पर्ध्यास म्हटलें, "आतां तुमच्या चित्रावरील पडदा दूर करा." तो पडदा हेंच चित्र होतें. झ्यूक्सिसनें आपली हार मोकळ्या मनानें मान्य केली. कारण त्यानें पांखरांना फसविलें होतें, पण पऱ्हासियसनें प्रत्यक्ष चित्रकाराला. हरलेल्या झ्यूक्सिसचें हें औदार्य वाचून मला माझें वर्तन अधिकच खुजें वाटलें.

इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील घरें जेव्हां खणून काढलीं, तेव्हां बंद खोल्यांच्या भिंतींवर रंगविलेले खांब, त्यांपलीकडे देवळें व दूरचें आकाश आढळलें. चार भिंतींच्या आंत राहणाऱ्या माणसानें रंगाच्या साह्यानें खिडकी उघडली होती. पुढें पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरेन्स येथें ब्रुनेलेस्की यानें यथार्थदर्शनाचे नियम प्रयोगानें दाखविले, आणि १४३५ मध्यें आल्बेर्ती यानें ते ग्रंथरूपानें मांडले. आगगाडीचे रूळ दूरवर एकत्र मिळाल्यासारखे दिसतात, तसें सर्व समांतर रेषांना चित्रांत एका बिंदूकडे नेलें म्हणजे सपाट भिंतीला खोली प्राप्त होते. या ज्ञानामुळें ही कला अदमासावर न राहतां गणितावर उभी राहिली. मिलान शहरांत एका चर्चच्या मागें रस्ता असल्यामुळें वेदीमागील भाग बांधण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हां ब्रामांते या शिल्पज्ञानें एक मीटरहूनही कमी खोलींत असा देखावा उभारला कीं, समोरून पाहणाऱ्यास तेथें लांबरुंद कमानदार दालन भासावें. १६७० च्या सुमारास गिजब्रेख्ट्स या चित्रकारानें तर चित्राची पाठ, म्हणजे उघडी लांकडी चौकट व कापड, हेंच चित्र म्हणून रंगविलें. तें आज कोपनहेगनच्या संग्रहालयांत आहे. पाहणाऱ्यास तें उलटून पुढील बाजू पाहण्याचा मोह व्हावा हाच त्यांतील विनोद.

परंतु माझ्या मनांतील प्रश्नाचें उत्तर मला रोममधील सांत इग्नात्सियो या चर्चच्या वर्णनांत मिळालें. आमच्या मंडळीच्या उपासनामंदिराच्या भिंती पांढऱ्या चुन्याच्या, निव्वळ कोऱ्या. त्यामुळें देवाच्या घरांत भासाचें काय काम, असें मला प्रथम वाटलें. त्या चर्चवर घुमट बांधावयाचा होता, तो बांधला गेला नाहीं. तेव्हां आंद्रेया पोत्सो या जेझुइट धर्मबंधूनें १६८५ मध्यें मोठ्या कापडावर घुमट रंगवून तें छताशीं बसविलें. नंतर १६९४ पर्यंत त्यानें मुख्य दालनाचें छतही रंगविलें. खरे खांब जेथें संपतात तेथून रंगाचे खांब पुढें चढत जातात, आणि वर जणूं छत फुटून स्वर्ग उघडतो. छत वांकडें असल्यामुळें त्यावर सरळ रेषा कशा काढाव्या ही अडचण होती. त्यानें दोऱ्यांचें चौकटीदार जाळें ताणून, पाहणाऱ्याच्या जागीं दिवा ठेवून, जाळ्याची सांवली छतावर कशी पाडावी ही युक्ति आपल्या ग्रंथांत नोंदविली आहे. तेथेंच एक गमतीची हकीकतही आहे. घुमटांतील रंगविलेले खांब नुसत्या ब्रॅकेटांवर ठेविले, ते इतका भार कसा पेलतील, अशी शंका कांहीं शिल्पज्ञांनीं काढली. तेव्हां पोत्सोच्या एका चित्रकार मित्रानें, ते पडल्यास दुरुस्तीचा खर्च आपण देऊं, असें सांगून त्यांना निरुत्तर केलें.

आतां महत्त्वाची गोष्ट. त्या चर्चच्या फरशींत एक संगमरवरी चकती बसविलेली आहे. तीवर उभें राहिलें म्हणजे छतावरील सर्व रचना सरळ व खरी दिसते. घुमटासाठीं निराळी खूण आहे. तेथून बाजूस सरकावें तों तों खांब कलूं लागतात, घुमट तिरका होतो, आणि सर्व रंगच आहे हें उघड होतें. लबाडी करणारा आपल्या लबाडीची जागा कधीं दाखवीत नाहीं. येथें चित्रकारानें आपलें गुपित पाहणाऱ्याच्या पायांशींच ठेविलें आहे. रंगाऱ्यानें मला सांगितलें तें हेंच नव्हे काय?

याच संप्रदायांतील आंतोनियो मोस्केनी नांवाचे दुसरे धर्मबंधु आपल्या देशांत आले. मंगळूरच्या सेंट अलॉयशियस कॉलेजाचें चॅपेल त्यांनीं १८९९ पासून १९०१ पर्यंत खपून रंगविलें, आणि मुंबईंत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमधील चित्रेंही त्यांच्याच हातचीं. मुंबईस जाणाऱ्या पालकांनीं मुलांना तीं अवश्य दाखवावीं. आणि एवढ्या दूर जाणें न घडल्यास, रस्त्यावर मोटारवाल्यांसाठीं रंगविलेलीं अक्षरें पाहावीं. जवळ उभें राहून वाचल्यास तीं विनाकारण लांबट वाटतात. दुरून गाडींत बसून पाहिल्यास प्रमाणशीर दिसतात. पोत्सोचेंच शास्त्र तेथें माणसांचे जीव वांचविण्यास राबतें.

हें सर्व वाचून झाल्यावर मला उमगलें कीं, चकती फक्त चर्चच्या फरशींतच असते असें नाहीं. मी वर्गांत खुर्चीवर बसतों, आणि त्या एका जागेवरून मला प्रत्येक मुलगा जसा दिसतो तसाच तो आहे असें मानतों. एक पाऊल सरकून त्याच्या बांकाजवळ उभें राहण्याचे श्रम मीं घेतले नव्हते. तेथून पाहिलें असतें, तर मला लबाडी दिसली नसती. रात्रीं दिव्याजवळ बसून माशीचे सहा पाय मोजणारा मुलगा दिसला असता.

पुढच्या सोमवारीं त्याच वर्गांत, त्याच मुलांसमोर, मीं त्याची क्षमा मागितली. ज्या तोंडानें चारचौघांत लबाड म्हटलें, त्याच तोंडानें चारचौघांत तें परत घ्यावें, हें मला योग्य वाटलें. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. मीं त्याला विचारलें, "तें पान आहे, कीं टाकून दिलें?"

तो खालीं पाहत म्हणाला, "सर, बाबांनीं तें रंगाच्या पेटीच्या झांकणाला आंतून चिकटवलं आहे. कामावर पेटी उघडली कीं लोक माशी हांकलायला जातात."

"मग बाबा काय करतात?"

"आधीं थोडं हंसतात, सर. मग सांगतात, माझ्या मुलानं काढली."