कल्याणच्या पुढचा समुद्र

कल्याणच्या पुढे समुद्र येत नाही. भरतीचे पाणी खाडीतून चढत कल्याणपर्यंत पोहोचते आणि तिथून मागे फिरते. एके काळी याच पाण्यावरून गलबते बंदराला लागत. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवातही याच खाडीवर झाली. त्याच्या पुढचा मुलूख नदीचा आणि लोकलचा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. इकडच्या माणसाला समुद्र हवाच असेल, तर तो मिठाच्या पिशवीतून घरी आणावा लागतो आणि रोजच्या रोज राखावा लागतो. अंबरनाथ पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, मी तो राखला. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर देऊन टाकला.

इमारत धोकादायक ठरली, नोटीस आली, भाड्याचे घर बघणे आले. घरमालक टाकीचे माप ऐकूनच नाही म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला नाही. चार फुटी टाकीत अडीचशे लिटर पाणी बसते. खारे पाणी गोड्याहून जड. त्यावर काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड. २०२१च्या मे महिन्यात उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसे गेली. तेव्हापासून या पट्ट्यात कुणी वजनाचे नाव काढले की मुकाट ऐकून घ्यावे लागते.

पाणी मात्र इथलेच होते. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळच्या अंगाने खाली येते आणि बदलापूरच्या बॅरेजवर तिचे पाणी उचलून आमच्या नळांना सोडतात. तेच मी आरओतून गाळायची आणि लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवायची. घनता १.०२५ भरेपर्यंत थांबायची. वसईच्या खाडीतून समुद्राला मिळायला निघालेल्या नदीतली एवढी ओंजळ अंबरनाथलाच समुद्र होऊन राहिली होती. मे महिन्यात पाणी उडून जायचे, पातळी बोटभर खाली यायची. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. कारण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. हे एकदा अंगवळणी पडले की उन्हाळ्याचा प्रत्येक दिवस टाकीच्या कडेवर मोजता येतो.

आणि पाणी तयार झाले म्हणजे समुद्र तयार झाला असे नाही. या छंदातली माणसे पहिली चौकशी करतात ती, टाकी सायकल झाली का, अशी. दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत जिवाणू वसावे लागतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, एक जात त्याचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट. ही वस्ती नजरेला दिसत नाही, पण ती नसेल तर नितळ दिसणाऱ्या पाण्यातही मासा दोन-चार दिवसांत दगावतो. तिला बसायला आठवडे लागतात, मुरायला वर्षे. माझ्या पांढऱ्या सिरॅमिक दगडांवर जांभळट शेवाळाचा कडक थर हळूहळू चढत गेला, तेव्हा कुठे टाकी घरात रुळल्यासारखी वाटली.

पोवळी मी ठेवली नाहीत. २००१मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. चोरून मिळतात म्हणून घेणाऱ्यांचे मला कधीच पटले नाही.

माझ्याकडे होती क्लाउनफिशची जोडी, एक सफाई करणारी तांबडी-पांढरी कोळंबी, काही शंख आणि खेकडे, आणि वाळूत राहणारी ती दोघे: पिवळा गोबी आणि पिस्टल कोळंबी. या दोघांविषयी लिहिताना हात थांबत नाही. कोळंबीला नीट दिसत नाही, पण बीळ खणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. दिवसभर ती वाळूचे ढिगारे नांगीने लोटत बाहेर आणते. गोबीला खणता येत नाही, पण डोळे तीक्ष्ण. तो बिळाच्या तोंडाशी राखण करत बसतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी त्याच्या शेपटीला टेकलेली असते. कुणाची सावली पडली की तो शेपटी थरथरवतो, आणि क्षणात दोघेही आत. रात्री घर झोपले की काचेतून टक् असा आवाज यायचा. ती तिची नांगी. पाहुणे दचकायचे, काच तडकली म्हणायचे.

क्लाउनफिशची जोडी टाकीत पैदा झालेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे या माशाची पैदास साधून दिली आहे, त्यामुळे समुद्रातून उपसा न करताही तो पाळता येतो. या जातीत सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. आमची मादी करड्या स्वभावाची, माझ्या बोटालाही चावणारी. आसऱ्याला ॲनिमोन नव्हता, म्हणून त्यांनी कुंडीच्या एका खापराला घर मानले आणि त्याच्यावर अंडी घातली. केशरी ठिपक्यांचा गालिचा. नर दिवसभर परांनी वारा घालायचा, खराब अंडे तोंडाने वेचून काढायचा. सहा-सात दिवसांनी विजेरी धरून पाहिले तर प्रत्येक ठिपक्यात दोन चंदेरी डोळे दिसले. अंडी फुटतात ती अंधार पडल्यावर. सकाळी खापर रिकामे होते. एवढ्याशा पिल्लांना लागणारे सूक्ष्म खाद्य वाढवायला माझ्याकडे जागा नव्हती, पंपाच्या ओढीपुढे ती टिकणारही नव्हती. तरीही ते डोळे मी पाहिले आहेत. माझ्या समुद्रात जन्म झाला होता.

विकायची वेळ आली तेव्हा विचारणारे सगळे काचेची जाडी विचारत होते, पंपाची कंपनी विचारत होते. जुनी टाकी म्हटली की भाव पडतो, तो पडला. त्याचे वाईट वाटले नाही. पण मासे वर फुकट द्या म्हणणाऱ्यांना मी फोनवरच नकार दिला. फुकट आलेल्या जिवाचे हाल होतात.

शेवटी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला एक मुलगा आला. घरात शिरताच म्हणाला, "काकू, दगड कोरडे पडू द्यायचे नाहीत ना?" त्या एका प्रश्नावर सौदा ठरला. खाली टेम्पो, टेम्पोत निळे ड्रम, थर्माकोलची खोकी, बॅटरीवरचा हवेचा पंप. माझा जीव भांड्यात पडला. फक्त त्याला तळाशी वाळू नको होती. स्वच्छतेसाठी उघड्या तळाची टाकी ठेवणारे आता बरेच असतात. मग बिळातल्या दोघांचे काय? ती दोघे बदलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली, वरच्या थरातल्या डबाभर वाळूसकट. बाईंनी आधी विचारून घेतले होते, "दोघं एकत्रच देताय ना? एकटं मला नको."

टाकी उतरवण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पाणी ड्रममध्ये, मग दगड त्या पाण्यात, मग मासे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, दुहेरी गाठ. क्लाउनची जोडी चटकन हाती लागली. गोबी नाही. वाळू काढत गेले तशी त्यांची वर्षानुवर्षांची बोगदेबांधणी ढासळत गेली, तळातून सडक्या अंड्यांचा वास सुटला, आणि गढूळ पाण्यात ती दोघे एकमेकांना शोधत होती. कोळंबीची मिशी काचेला, दगडाला, माझ्या हाताला लागत होती आणि जिला लागायला हवी ती शेपटी सापडत नव्हती. हा गोबी समुद्रातून पकडलेला. त्याचे घर एकदा कुणीतरी मोडले होतेच. दुसऱ्यांदा मी मोडले. या छंदाच्या आनंदात हेही मिसळलेले आहे, आणि ते झाकून टाकीविषयी गोड लिहिणे मला जमणार नाही.

मुलाची आजी लहानपणी कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पात आलेली. फाळणीनंतर लष्करी बराकींत वसलेल्या त्या छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. टाकी लागल्यावर आजी रोज खुर्ची ओढून समोर बसते, असे त्याने कळवले. मला बरे वाटले. मोडलेले घर दुसऱ्या गावात कसे उभे करायचे, हे त्या शहराला शिकवावे लागत नाही.

उरलेले पाणी मी मोरीत सोडले. अंबरनाथची गटारे वालधुनीला मिळतात. शके ९८२चे, म्हणजे १०६० सालचे शिवमंदिर जिच्या काठी उभे आहे, ती वालधुनी. २०१४मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात टाकलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले, ती वालधुनी. माझ्या टाकीत नायट्रेट थोडे चढले तरी मी त्याच दिवशी पाणी बदलत होते. तीन माशांसाठी. पुलावरून जाताना खालचा फेस बघून मन उदास होते. कारण पाणी जिवंत ठेवता येते, हे मी हातांनी करून पाहिलेले आहे. त्याला चमत्कार लागत नाही. रोज बघणारे कुणीतरी लागते.

तुमच्याकडे अशी टाकी असेल आणि ती सोडायची पाळी आली, तर काचेचा भाव मागाहून ठरवा. आधी प्रत्येक जिवाचे पुढचे घर ठरवा. जोड्या तोडू नका. दगड ओले पाठवा, जुने पाणी जमेल तितके सोबत द्या. विकत घेणार असाल, तर ड्रम घेऊन जा. आणि कुणाचीच सोय लागली नाही, तरी मासे उल्हासमध्ये किंवा तळ्यात सोडू नका. खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात जगत नाही.