लाल पेला

जामनेरच्या मुलाची द्राक्षांशी ओळख होते बाजारात; द्राक्षाच्या मद्याशी मात्र अजिंठ्याला. पहूर ओलांडून फर्दापूर गाठावे, वाघूर नदीशी लेण्यांत शिरावे, आणि पहिल्याच लेण्याच्या छताकडे मान वर करावी. इराणी वेषातला एक टोपीवाला हाती पेला घेऊन ऐटीत बसला आहे. पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या अमदानीतले हे चित्र. आमचे गुरुजी तेथून आम्हांला लगबगीने पद्मपाणीकडे वळवीत.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त रघूचे सैनिक पारसीकांच्या द्राक्षमळ्यांत मद्य पिऊन शीण घालवतात, त्यांना मी खुशाल दाद देतो. पण माझ्या सख्ख्या भाच्याने घरची केळी-कपाशी सोडून नाशिकजवळ दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची बाग लावली, तेव्हा माझीही रसिकता गोरीमोरी झाली. ताई तर माळकरी. तीन वर्षे तिने तिकडे पाऊल टाकले नाही. अखेर फेब्रुवारीत मीच निघालो.

दिंडोरीचा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दुपारी ऊन चटका देते आणि रात्री घोंगडी लागते. भाचा म्हणाला, “मामा, सगळी जादू या रात्रीचीच. उन्हाने साखर भरते, गारठ्याने आंबटपणा टिकतो.” वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि पावसाळा सरताना; पीक मात्र एकदाच. मला नवल वाटले ते रंगाचे. काळ्या द्राक्षाचा रस मुळात पांढुरकाच! सालीसकट आंबवला की साल त्याला लाली देते आणि तुरटपणाही.

शिराझ जातीची वाइन त्याने पुढे केली. एक घोट घेतला. (हा अंक घरीही वाचला जाईल, म्हणून एकच लिहितो.) सरबताची अपेक्षा होती, ती फसली. आधी जांभळासारखी जीभ आखडली, मग मिऱ्याची हलकी झणक, आणि घोट उतरल्यावरही चव कितीतरी वेळ रेंगाळत राहिली. मैदानी गोडव्याची सवय असलेल्या माझ्या खानदेशी जिभेला हा डोंगरी स्वभाव जरा फटकळच वाटला. पण खोटा वाटला नाही.

परतताना ताईसाठी एक घोस आणला. बारीक मणी, जाड साल, आत बिया. तिने देवापुढे ठेवला नाही, पण एक मणी तोंडात टाकला.

“गोड आहे की रे! बिया फार.” थोड्या वेळाने तिने विचारले, “त्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का?”