दिवा एकाआड एक लागत होता

माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी वही आणायला सांगत असे आणि तिच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून देत असे : ‘कॉम्प्रेसर वापरायचा नाही.’ खाली सही. ती सही मला मागे घ्यायची आहे.

मी मूळचा जबलपूरचा. वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते आणि गुरुवारच्या भजनात तबला वाजवायचे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, अशीच आमची सगळी पिढी वाढली. माझी नोकरी बँकेत, सध्या सिहोऱ्याच्या शाखेत. जबलपूर-कटनी मार्गावरच्या गाडीने सकाळी यायचं, खितौल्यात सिहोरा रोड स्टेशनवर उतरायचं, संध्याकाळी परत. सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा : लग्नं, गणपती, नवरात्र. शनिवारी बँक सुटली की सिहोऱ्यातच तीन-चार मुलांना शिकवतो. मी काही मोठा वादक नाही. पण मतं मोठी होती.

ज्यांचा कॉम्प्रेसरशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा, मिक्सरवर बसलेल्या माणसाने तुमचा आवाज कमीजास्त करणाऱ्या फेडरवर बोट ठेवलंय. सूर ठरावीक रेषेच्या वर गेला की तो फेडर खाली ओढतो, सूर ओसरला की पुन्हा वर नेतो. कॉम्प्रेसर हेच काम सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबाने करतो. ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. किती ओढायचं ते रेशो ठरवतो : 4:1 ठेवला तर रेषेच्या 8 डेसिबल वर गेलेला सूर 2 डेसिबलच वर राहतो. किती चटकन ओढायचं तो अटॅक, किती चटकन सोडायचं तो रिलीज. या दाबादाबीत एकूण आवाज कमी होतो, तो भरून काढायला आणखी एक बटण असतं.

माझा आक्षेप तिहेरी होता. एक, लहानमोठा आवाज हाच वादकाचा भाव, तो सपाट केला तर उरलं काय? दोन, यंत्र सांभाळून घेतंय म्हटल्यावर मुलं रियाज करणार नाहीत. आणि तीन, जुन्यांनी कुठे वापरला होता? इथे मी जेम्स जेमरसनचं नाव घ्यायचो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या किती गाण्यांत त्याचा बेस आहे! घरचं उदाहरण हवं असेल तर संगीतकार पंचमच्या ताफ्यातले टोनी वाझ. ‘यांच्या पायाशी कुठे कॉम्प्रेसरचं पेडल होतं?’ असं विचारलं की मुलं गप्प बसायची. मला वाटायचं, पटलं.

त्यातला एक मुलगा मात्र गप्प बसला तो पटल्यामुळे नव्हे. खितौल्याचा मुलगा, बोट चांगलं, कान त्याहून चांगला. पैसे साठवून त्याने एक जुना बेस कॉम्प्रेसर घेतला होता, दिव्यांची ओळ असलेला. मोठ्या हौसेने पिशवीतून काढून दाखवायला आणला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘हात कच्चा असला की कुबडी लागते.’ बाकीचे हसले. त्याने पेडल पिशवीत ठेवलं. पुढचे दोन शनिवार आला, मग यायचा थांबला. मी चौकशीही केली नाही.

मागच्या नवरात्रात सिहोऱ्यातल्या एका मांडवात आमचा कार्यक्रम होता. जबलपूरच्या दुर्गोत्सवाचं वेड या बाजूलाही तेवढंच. रात्री अकरालाही बायकापोरांनी मैदान भरलेलं. साउंडला एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मध्यंतरात चहाचा कप हातात देऊन ते म्हणाले, ‘भैया, आपका बेस तो लुका-छिपी खेल रहा है. एक सुर तंबू हिलाता है, अगला गायब.’

मी मैदानाला दोष दिला. मग स्पीकरला, मग जनरेटरला. चाचा ऐकून घेत राहिले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन ड्राइव्ह मागितला आणि डिजिटल मिक्सरमधलं प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग त्यात भरून दिलं. ‘घर जाके अकेला अपना सुनना.’

दुसऱ्या रात्री जबलपूरला घरी हेडफोन लावून मी फक्त माझा बेस ऐकला. ढोलक नाही, कीबोर्ड नाही, गाणारी नाही. वीस वर्षांत मी स्वतःला असं उघडं कधी ऐकलं नव्हतं. जाड तारेवरचे सूर फुगलेले, बारीक तारेवरचे खंगलेले, ते एक वेळ चाललं असतं. पण बोटं! मी तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने वापरतो, सगळेच वापरतात. तर्जनीचा सूर भरीव, मधल्याचा पोचट. पुन्हा भरीव, पुन्हा पोचट. अख्खा कार्यक्रम माझा बेस एका पायाने लंगडत होता. गाण्याच्या ठेक्याशी त्या लंगडण्याचा काही संबंध नव्हता. दर्दभरं गाणं असो की गरब्याचं, लंगडणं तेच. याला मी वर्षानुवर्षं भाव म्हणत आलो होतो.

ही कबुली द्यायला फार जड गेली. मत चुकलं असतं तर एवढं वाटलं नसतं. इथे मताच्या आड मी माझा हात लपवला होता.

मग वाचायला बसलो. पहिला धक्का कानाबद्दलचा. बेसच्या सगळ्यांत जाड तारेचा सूर सुमारे 41 हर्ट्झचा असतो. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली दाखवून दिलं होतं की इतके खालचे सूर माणसाच्या कानाला मुळात कमी ऐकू येतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या आलेखांतून दिसते. मधल्या पट्टीत थोड्या डेसिबलचा फरक फारसा जाणवत नाही. खर्जात मात्र तेवढाच फरक ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यातलं अंतर ठरू शकतो. म्हणजे गायिकेने थोडं हळू गायलं तर ती हळू ऐकू येते, मी तेवढंच हळू वाजवलं तर मी गायब होतो. चाचांनी आलेख पाहिला नव्हता, पण तेच सांगितलं होतं.

दुसरा धक्का जेमरसनचा. ज्याला मी शुद्ध हाताचा साक्षीदार म्हणून उभा करायचो, तो जवळजवळ सगळं एकाच बोटाने वाजवायचा. त्या तर्जनीला लोक ‘हुक’ म्हणत. दुसरं बोटच नाही तर लंगडणार कोण? त्याच्या तारा गुळगुळीत, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, त्यामुळे सूर आधीच आवरलेला. आणि तो सूर माझ्या कानापर्यंत कसा आला? टेपवरून, तबकडीवरून. टेपवर आवाज जास्त जोरात गेला की त्याची उंच टोकं आपोआप दबतात. तबकडीवर खर्ज बेफाम झाला तर सुई खाचेतून उडी मारते, म्हणून कापणारा तंत्रज्ञ त्याला आवर घालतोच. त्या काळचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही ताणले की सूर दाबतात. मी ज्या कोऱ्या आवाजाची पूजा करत होतो तो कधी कोरा नव्हताच. त्याच्या पायाशी पेडल नव्हतं एवढंच खरं.

मला वडिलांचा डग्गा आठवला. थाप मारल्यावर मनगट कातड्यावर टेकून ते नाद दाबायचे, सोडायचे, घुमारा हवा तेवढाच ठेवायचे. जुने गवई तार सप्तकात जाताना माईकपासून मान मागे घ्यायचे. ही दाबण्याचीच कला होती आणि मी तिच्यात वाढलो होतो. तीच गोष्ट डब्यात बंद होऊन आली तेव्हा मात्र मला ती ओळखू आली नाही.

शेवटी एका शनिवारी शिकवणी संपल्यावर त्या मुलाच्या घरी गेलो. बाहेर हायवेवरचे ट्रक धडधडत होते. त्याला म्हणालो, ‘तुझं ते पेडल पंधरा दिवस देशील का?’ माफी मागायचं ठरवून गेलो होतो, तोंडून फक्त मागणी निघाली. त्याने आतून आणून दिलं, वायरसकट. एक शब्द बोलला नाही.

त्या पेडलवर दिव्यांची ओळ आहे. कॉम्प्रेसर जितका ओढेल तितके दिवे लागतात. मी सरळ आठ मात्रा वाजवल्या. एक, तीन, पाच, सातला दिवा लागला. दोन, चार, सहा, आठला नाही. माझं वीस वर्षांचं लंगडणं समोर लुकलुकत होतं. त्या दिवसापासून मी ते पेडल आरशासारखं वापरायला लागलो. मधल्या बोटाचा सूर लागला की दिवा लागला पाहिजे, हाच रियाज. आळशी होतील म्हणून मी मुलांना ज्यापासून लांब ठेवलं, त्याने मला पन्नाशीत पुन्हा रियाजाला बसवलं.

आणखी एक समज गळून पडला. हात कच्चा असेल तर कॉम्प्रेसर झाकतो म्हणे. झाकतो फक्त लहानमोठेपणा. लय चुकली तर ती जास्तच उघडी पडते, कारण सगळे सूर सारखे ऐकू येतात. सूर लांबतो, त्यामुळे डाव्या हाताने न लागणाऱ्या तारा नीट दाबल्या नाहीत तर त्यांची गुणगुण मागे उरते. वर आवाज भरून काढताना जनरेटरची घरघर आणि तारांची खरखरही वर येते. अटॅक-रिलीज दोन्ही फार घाईचे ठेवले तर वेगळाच घोटाळा. 41 हर्ट्झच्या एका लाटेला सुमारे 24 मिलिसेकंद लागतात. यंत्र त्याहून घाईने ओढ-सोड करायला लागलं की ते लाटेलाच दाबायला लागतं आणि सूर फाटतो.

मग आता मी कॉम्प्रेसरचा भक्त झालो का? तसंही नाही. गुरुवारच्या भजनात पेटी-तबल्याबरोबर वाजवतो तेव्हा वायर सरळ अ‍ॅम्प्लिफायरला. तिथे वीस माणसं, छोटी खोली. हळू वाजवलं तर हळूच ऐकू येतं आणि तेच हवं असतं. मांडवात मात्र पेडल सुरू, जोरातल्या सुरावर तीन-चार डेसिबल दबेल इतकंच. आणि आधी साउंडवाल्याला विचारायचं, कारण त्याच्या मिक्सरवरही कॉम्प्रेसर असतो. दोघांनी एकाच वेळी दाबला तर बेसचा लगदा होतो. जुना आक्षेप इथे खरा ठरतो : जास्त दाबलेला सूर मेलेलाच असतो. एवढ्यावरून मी सगळा दाबच नाकारला होता.

पेडल मी पंधरा दिवसांत परत केलं आणि स्वतःचं घेतलं. या नवरात्राच्या तालमीला त्या मुलाला बोलावलं. आला, मागच्या खुर्चीवर बसला. दोन गाणी झाल्यावर उठून पुढे आला, माझ्या पायाशी बसला आणि एक बटण जरासं फिरवलं. म्हणाला, ‘सर, अटैक थोड़ा खुला रखिए. उंगली की आवाज़ दबनी नहीं चाहिए.’

बोटाचा आवाज दबू नये, हाच तर माझा दोन वर्षांपूर्वीचा मुद्दा होता. तो त्याला तेव्हाही ठाऊक होता, बटणासकट. त्याला सांगायचं होतं आणि मी कुबडीची गोष्ट काढली होती. मी बेस खांद्यावरून उतरवला आणि पुढचं गाणं त्याला वाजवायला दिलं. तालीम संपल्यावर म्हटलं, वही घरी असेल तर घेऊन ये, पहिल्या पानावर खाडाखोड करायची आहे.