कातळाचा कौल

पेणला रामवाडीच्या एसटी स्टँडवर पहाटे सॅक खाली टेकवली की आतलं सामान खणखणतं. गेल्या डिसेंबरात पालीच्या गाडीचा कंडक्टर तो आवाज ऐकून म्हणाला, "नळाचं काम कुठं काढलंत?" भाचीने शांतपणे सांगितलं, "सुधागडच्या बाजूला." ती खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. अॅल्युमिनियमच्या पाचरी, तारेचे फास, कॅराबिनर, वळलेला दोर हे सगळं बघून प्लंबरच आठवावा.

प्रस्तरारोहण म्हटलं की पेणमध्ये लोक कर्नाळ्याच्या अंगठ्याबद्दल विचारतात. पनवेलला जाताना तो दिसतोच, आणि तिथल्या आग्या मोहोळांच्या गोष्टीही सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. मला मात्र सुळक्यापेक्षा भेग जास्त ओढते. सुळका लांबून दिसतो. भेग जवळ जाऊन शोधावी लागते. आम्ही चाललो होतो ती तीन टप्प्यांची, अमेरिकेतल्या योसेमिटीच्या मोजपट्टीवर जेमतेम ५.६ ची, म्हणजे मध्यम. तिची जागा इथे सांगत नाही. तिथेही मोहोळं आहेत आणि त्यांना शेजार आवडत नाही.

योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये एकच भेग शेकडो फूट सरळ वर जाते. आपल्याकडे असं होत नाही, कारण सह्याद्री एकावर एक थर देत रचला गेला आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला. थिजताना आकसला, आणि जिथे आकसला तिथे उभा तडकला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर ते उभे खांब आठवतील. पण तडा ज्याच्या त्याच्या थरापुरता. दोन प्रवाहांमध्ये जो काळ गेला, त्यात खालच्या थराचा माथा कुजून त्याची लाल माती झाली. तिच्यावर पुढचा लाव्हा आला, माती भाजली गेली आणि पट्टा तयार झाला. भूशास्त्रज्ञ त्याला रेड बोल म्हणतात. हा पट्टा मऊ, म्हणून आधी झिजतो. तिथे बसायला जागा होते, गवत उगवतं आणि खालून आलेली भेग संपते.

त्यामुळे आमच्या आरोहणात टप्पा कुठे संपवायचा हे बरेचदा लाव्हानेच ठरवून ठेवलेलं असतं. वीस-पंचवीस मीटर भेगेतून वर यायचं, गवताच्या पट्ट्यावर दोर अडकवून थांबायचं स्टेशन बांधायचं, मग पट्ट्यावरून आडवं सरकत पुढची भेग शोधायची. तो आडवा भाग सोपा दिसतो, आणि तिथेच मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. पाऊस संपून दोन महिने झाले तरी लाल थरातून पाणी झिरपत असतं. वाळलेल्या गवताखाली ओल असते. कातळावर पाय कधी सुटेल याचा थोडा अंदाज येतो, गवतावर येत नाही.

आता त्या नळाच्या सामानाबद्दल. इंग्लंड-वेल्समधले आरोहक १९५० च्या दशकात मशिनचे साधे नट दोरीत ओवून भेगेत अडकवायचे. काहींना ते रेल्वेच्या रुळांच्या कडेला सापडलेले असत. अमेरिकेत तेव्हा पोलादी खिळे ठोकत वर जायची रीत होती. १९६७ मध्ये रॉयल रॉबिन्स आणि त्याची बायको लिझ यांनी योसेमिटीत नटक्रॅकर नावाचा मार्ग एकही खिळा न ठोकता केला. तोही मध्यमच, आणि आजही लोक रांग लावून चढतात. पुढे १९७२ मध्ये यवॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या कॅटलॉगमध्ये खिळे सोडून नट वापरा असं लिहिलं. शुइनार्डचा धंदा तेव्हा मुख्यतः खिळ्यांवर चालत होता. दुकानदाराने गिऱ्हाइकाला आपलाच माल घेऊ नका म्हणावं, हे मला पेणच्या बाजारात अजून दिसायचं आहे.

आपल्याकडे बोल्ट आले ते गरजेपोटी. सह्याद्रीच्या कित्येक भिंती गुळगुळीत, भेगच नाही. तिथे हाताने भोक पाडत वर गेलेल्या जुन्या आरोहकांबद्दल मला आदर आहे. पण जिथे भेग आहे तिथे बोल्ट मारणं मला पाहुणा म्हणून जाऊन भिंतीत खुंटी ठोकण्यासारखं वाटतं. शिवाय कोकणच्या दमट हवेत ती गंजते, आणि पंधरा वर्षांनी कुणीतरी विश्वासाने तिच्यावर लटकतो.

पहिला टप्पा हाताच्या मापाचा. तळवा आत घालायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा, हात फुगवायचा. तो अडकतो. पाय तिरका घालून पिळायचा. हात घालण्याआधी टॉर्च मारून बघायचं, कारण भेगेत आपल्याआधी वटवाघूळ, पाल किंवा साप राहायला आलेला असू शकतो. भाची खाली दोर सांभाळत होती. दर दोन-तीन मीटरवर भेग जिथे खाली निमुळती होते तिथे नट, म्हणजे ती अॅल्युमिनियमची पाचर, घालायचा, हिसका देऊन बसवायचा. पहिला नट मात्र वरच्या ओढीलाही टिकेल असा लावावा लागतो. नाहीतर दोर ताणला की तो उचकटतो, आणि एक सुटला की वरचेही एकेक करून सुटू शकतात.

नट लावण्याआधी कातळ वाजवायचा. मडकं घेताना आई टिचकी मारायची तसं. ठण् वाजलं तर आत एकसंध आहे, भद् वाजलं तर मागे पोकळी आहे. देवाला कौल लावतात तसाच हा प्रकार, फरक इतकाच की इथे डावा कौल आला की पुन्हा विचारायचं नसतं.

दुसऱ्या टप्प्यात मी पुन्हा विचारलं. म्हणजे विचारलंच नाही. भेग रुंद झाली होती, नट बसेना. उजवीकडे दाराएवढी कातळाची फळी होती आणि तिच्यामागची फट फ्रेंडच्या अगदी मापाची. फ्रेंड म्हणजे स्प्रिंगच्या पाकळ्यांचं उपकरण. रे जार्डिनने काढलं, १९७८ पासून विकत मिळू लागलं. खटका दाबला की पाकळ्या मिटतात, सोडला की उघडून फट धरतात. जितकं ओढाल तितकं घट्ट. पण त्याचं गणित कुणी विसरू नये: खाली जेवढी ओढ, त्याच्या साधारण दुप्पट रेटा ते दोन्ही बाजूंना देतं. पक्क्या कातळात हे वरदान. सुट्या फळीमागे मात्र ती पहारच. मला हे तीस वर्षं माहीत आहे. तरीही फट इतकी नेमकी होती की मी फ्रेंड घातला, दोर अडकवला आणि हुश्श करून वर गेलो.

स्टेशनला तीन नट बांधले, भाचीला वर बोलावलं. ती फळीपाशी थांबली. दोर बराच वेळ हलला नाही. मग तिच्या बोटांचा आवाज आला, भद्.

"मामा, तू हे कशावर लावलंस?"

मी काही बोललो नाही.

"ही फळी हलतेय. मी काढते, पण दोर ताणून धर."

तिने पाकळ्या मिटवून फ्रेंड अलगद सोडवला, डावीकडे अंग टाकून फळीला न शिवता वर आली आणि माझ्या शेजारी गवतावर बसली. मी तिथे पडलो असतो तर फ्रेंडने फळी उखडली असती, आणि फळीच्या सरळ खाली दोर धरून कोण उभं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पाणी प्यायलं, बाटली मला दिली. "वरचा टप्पा मी लीड करते," एवढंच म्हणाली.

तिसरा टप्पा सोपा, पण तिने पाऊण तास घेतला. प्रत्येक ठिकाणी ठण्-ठण् वाजवून. वर बघून बघून माझी मान अवघडली. एरवी मी "चल गं" म्हटलं असतं.

उतरायला मागच्या बाजूने घळ आहे. गाडी मिळाली तेव्हा अंधार पडला होता आणि कंडक्टर सकाळचाच. तिकिटं फाडता फाडता त्याने भाचीच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"झालं का नळाचं काम?"

"झालं," ती म्हणाली. "एक फळी सैल आहे, तिला हात नाही लावला."