ऐकलंत ना, मग सांगा तरी!

नाटकातल्या नटाला टाळी तिथल्या तिथे मिळते. सुगरणीला चाटूनपुसून स्वच्छ केलेलं ताट पाहूनच पावती मिळते. पण बंद खोलीत एकट्यानेच माइकसमोर बोलणाऱ्याचं काय? त्याच्यापुढे असते फक्त भिंत.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ‘गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्रात छापून आला. आज मोबाइलमुळे कुणालाही आपला आवाज जगापुढे मांडता येतो. कुणी निवृत्त शिक्षक इतिहासाच्या गोष्टी सांगतात, कुणी गृहिणी माहेरच्या बोलीत पाककृती सांगते, तर कुणी आजी इंदूर-बंगळूरुला वाढणाऱ्या नातवंडांसाठी कहाण्या ध्वनिमुद्रित करते. हौसेने हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातून दमडीही मिळत नाही. मेहनत मात्र भरपूर असते. आधी टिपणं काढायची, मग पंखा बंद करायचा, आवाज घुमू नये म्हणून गोधड्यांचा आडोसा करायचा. इतक्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून! वीस मिनिटांच्या भागासाठी दोनतीन संध्याकाळी सहज जातात. वर घरचे विचारतात, ‘‘हे नसते उद्योग कशाला?’’

आकडा बोलत नाही

किती जणांनी ऐकलं याचा आकडा तर मिळतो, असं कुणी म्हणेल. पण तो आकडा फसवा असतो. प्रचलित मोजमापात मिनिटभराचा भाग फोनमध्ये उतरला तरी तो एक डाउनलोड धरला जातो. शिवाय काही अ‍ॅप नवा भाग आपोआप उतरवून ठेवतात. तो कुणी ऐकला का, कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला, हे आकडा सांगत नाही. याउलट ‘तुमची गोष्ट ऐकून सासूबाईंना माहेर आठवलं,’ हे एक वाक्य महिनाभर पुरतं.

असं वाक्य कधीच कानावर आलं नाही, तर उत्साह ओसरणारच. मग आठवड्याचा कार्यक्रम महिन्यावर जातो आणि एक दिवस बंद पडतो. अशा विरून जाण्याला इंग्रजीत ‘पॉडफेड’ असा शब्दच आहे. आवाज थांबतो तेव्हा कधीकधी त्याच्याबरोबर आजीच्या तोंडचे शब्दही जातात.

पोस्टकार्डाची ताकद

१९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा निवेदक अमीन सयानी यांना आठवड्याला अवघे २५ रुपये मिळत. पण पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. त्यात बक्षिसाची स्पर्धा होती हे खरं, पण पत्रांचा ओघ पुढे वर्षानुवर्षं आटला नाही. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं छोटं गाव तर फर्माइशीच्या पत्रांमुळेच देशभर ठाऊक झालं. पोस्टकार्ड आणायचं, लिहायचं, पेटीत टाकायचं, एवढा खटाटोप तेव्हाचे श्रोते आनंदाने करत. आज दोन मिनिटांत निरोप पोहोचतो, तरी तो पाठवायचा राहूनच जातो.

दाद म्हणजे खोटी स्तुती नव्हे. नुसतं ‘छान’ म्हणण्यापेक्षा नेमकं काय आवडलं ते सांगा. आवाज कुठे दबला, माहिती कुठे चुकली, हेही आपुलकीने कळवा. कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय, हे त्यातूनच समजतं. केवळ कौतुकासाठी बोलणारा फार काळ टिकत नाही हे खरं, पण उत्तरच न येणाऱ्या दारावर तरी कुणी किती दिवस थाप मारणार?

आणि याची सुरुवात घरापासूनच करता येईल. तुमच्या घरात कुणी दार लावून असं बोलत असेल, तर ‘नसते उद्योग’ म्हणण्याआधी एक भाग शेवटपर्यंत ऐका. मग जेवताना त्यातली एखादी गोष्ट सहज काढा. बोलणाऱ्याचा चेहराच सांगेल, त्याची मेहनत भरून पावली.